कुलूपबंद खोलीतले बारा मायक्रॉन

१

नांदेडहून लातूरला निघण्याआधी वर्षाराणी बाभळसुरे यांनी गॅसचं बटण तीनदा तपासलं होतं. तरी लोह्याला बस थांबली तशी त्यांनी शेजारणीला फोन लावून चौथ्यांदा तपासून घेतलं. बाईंचा स्वभावच असा. कॉलेजातले सहकारी म्हणत, बाईंना काळजी करायला कारण लागत नाही, नुसता मोकळा वेळ पुरतो.

या मंगळवारी मात्र कारण होतं, आणि ते चांगलं सहाशे मिलिमीटर लांब होतं.

ते कारण म्हणजे एक दुर्बीण. उपग्रहात बसून अवकाशात जाणारी, सोबत माणूस नसलेली. तिचं डिझाइन वर्षाराणींनी नांदेडच्या कॉलेजात बसून केलं होतं आणि ती बांधली होती लातूरच्या एमआयडीसीत, शेषेराव बिराजदारांच्या कारखान्यात. डाळमिलची यंत्रं बनवता बनवता शेषेरावांना अवकाशाचं वेड लागलं होतं, आणि वेड लागलं तरी हात मात्र शहाणा राहिला होता. आज दुपारी चार वाजता दुर्बीण ट्रकमध्ये चढायची होती. पुढच्या चाचण्या, मग उड्डाण.

पहाटे साडेपाचला शेषेरावांचा फोन आला होता.

"मॅडम, दुर्बीण आंधळी झालीया. शुक्रवारी सुई दिसत होती तिथं काल नुसता धुरळा दिसून राहिला. कोणीतरी मुद्दाम केलंय."

वर्षाराणी बसमध्येही तेच वाक्य मनात घोळवत होत्या. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या सहीने गेलेलं एक उपकरण वर जाऊन मुकं झालं होतं. कारण शेवटपर्यंत कळलं नाही. जिथे जाऊन बघता येत नाही तिथलं कारण कळणार तरी कसं? तेव्हापासून कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय त्या सही करत नसत. आज पुन्हा चार वाजेपर्यंत सही करायची होती.

लातूरच्या स्टँडवर उतरल्या तेव्हा शेषेराव स्वतः गाडी घेऊन उभे होते. दार उघडून देता देताच त्यांनी सांगून टाकलं.

"कोणी केलं ते बी कळलंय. लुंबिनी."

२

लुंबिनी जोंधळे ही भोकरची पोरगी, वय सत्तावीस. दुर्बिणीतले आरसे एकमेकांच्या नेमके समोर बसवणं तिचं काम. वर्षाराणींनीच तिला निवडलं होतं, कारण मुलाखतीत तिने एकच माप विचारल्यावर तीनदा मोजलं होतं. असं माणूस त्यांना दुसरीकडे कुठे भेटलं नव्हतं.

बांधणीच्या खोलीपाशी वर्षाराणी थांबल्या. आधी एक छोटी खोली, कपडे-बूट बदलायची. तिच्या आत कुलपाचं दार आणि दारापलीकडे दुर्बीण. बाहेरच्या भिंतीवर त्यांच्याच हस्ताक्षरातली पाटी होती. जानेवारीत येऊन त्यांनीच निळ्या रंगाने लिहिली होती: 'आतलं तापमान ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. काहीही करा, पण जाऊ देऊ नका.' दुसऱ्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. बाईंना एका रेघेवर भरवसा नव्हता.

आत शेषेरावांनी पाढा वाचला. "थोरला आरसा खाली, धाकटा वर. मधी कार्बन-धाग्यांची नळी. धाकट्याखाली पोलादी चकती. दोन आरशांतलं अंतर बारा मायक्रॉननं वाढलंय. बरोबर?"

"बरोबर," वर्षाराणी म्हणाल्या. बारा मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा सहावा हिस्सा. पण एवढ्याने तारा ठिपका न दिसता फुगलेला, पुसट गोळा दिसतो. अवकाशात आरसा मागेपुढे करणारी मोटर त्यांनीच डिझाइनमधून काढून टाकली होती. मोटर म्हणजे बिघडायची आणखी एक जागा, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे इथे जे अंतर बसेल तेच कायमचं.

"मग चकती जाड बसवली, दुसरं काय? शनिवारी सकाळी दहाला खोलीला कुलूप लावलं लुंबिनीनं. सोमवारी उघडलं लुंबिनीनं. आणि तिच्या खणात हैदराबादच्या कंपनीचं नोकरीचं पत्र सापडलं." शेषेरावांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक पोलिसांत द्यायचा अर्ज. दुसरा तपासाचा फॉर्म. 'दोष कोणाचा' या रकान्यात नाव छापूनच आणलेलं. "तुमची सही झाली की हरिओम चकती बारा मायक्रॉन घासतो, दुर्बीण पुन्हा नीट, ट्रक चारला रवाना."

सगळं इतकं सुरळीत होतं की वर्षाराणींना भीती वाटली.

त्यांनी लुंबिनीला बोलावलं. पोरीचे डोळे सुजलेले होते, आवाज मात्र ताठ होता.

"पत्र खरं हाय मॅडम. दोन महिन्यांपूर्वीच नाही म्हणून कळवलं त्यांना. पत्र ठेवलं, कारण असं पत्र पहिल्यांदाच आलं होतं."

"आणि चकती?"

"चकती बाहेर काढलेली हाय ना? मग माझ्यावर का विश्वास ठेवता? मोजा."

वर्षाराणींनी मोजली. एकदा, दोनदा, आणि लुंबिनीकडे बघत तिसऱ्यांदा. चार पूर्णांक दोनशे पंधरा मिलिमीटर. वहीत शुक्रवारी लिहिलेला आकडाही तोच होता, शेवटच्या अंकापर्यंत.

चकती बदलली नव्हती. कोणी काही बदललं नव्हतं. तरीही कुलपाच्या आत दुर्बीण बारा मायक्रॉनने वाढली होती.

३

"मग नळी ओढली कोणीतरी," शेषेराव म्हणाले, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

नळी ओढून लांब होत नसते हे त्यांनाही ठाऊक होतं. उष्णतेने वाढली म्हणावं, तर कार्बनच्या धाग्यांची निवड त्यासाठीच तर केली होती. तापमान बदललं तरी नळी हूं की चूं करत नाही. कारखान्यात आल्यावर भट्टीत तीन आठवडे मंद आचेवर तिला वाळवलं होतं आणि मगच आरसे चढवले होते. वर्षाराणींनी मनातल्या मनात स्वतःचं डिझाइन पहिल्यापासून उलगडायला सुरुवात केली. घड्याळात साडेअकरा झाले होते.

हरिओम चकती घासायच्या मशिनपाशी बसला होता. औशाचा, तिशीतला, हात सोन्याचा आणि तोंड तिरकं.

"म्या फक्त घासतो, मॅडम. किती घासायचं ते वरचे सांगतेत."

"लुंबिनीशी तुझं भांडण झालं होतं म्हणे."

"दर आठवड्याला होतं. तिला मायक्रॉन मायक्रॉनचा हिशेब पायजे. पण ती दगाबाजी करील असं माझ्या तोंडून वदवून घेऊ नका." त्याने कपड्याने हात पुसले. "आणि म्या तर शनिवार-रविवार हितं नव्हतोच. सायबांच्या पुतण्याचं लगीन होतं औशाला. तिकडंच होतो दोन्ही दिवस."

"ऐन मे महिन्यात. उकाड्यानं जीव गेला असेल."

"छे, लायटीचं टेन्शन नव्हतं. हितं डीपी जळाली, तिकडं बी लाइट ये-जा करत होती. पण आपलं..." हरिओम वाक्य अर्धंच सोडून मशिनचं तेल बघू लागला.

डीपी जळाली? हे वर्षाराणींना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या तडक शेषेरावांकडे गेल्या.

"हां, शनिवारी अकराला गेली लाइट, रविवारी संध्याकाळी आली," शेषेराव कागद आवरत म्हणाले. "पण जनरेटर हाय की आपला. एसी चालूच होता. कॉम्प्युटर बंद होता म्हणून त्यातली नोंद न्हाई, पण तापमानाचा कागद बघा, जुन्या घड्याळासारखा चावीवर फिरतो तो."

वर्षाराणींनी गोल कागद काढून खिडकीपाशी धरला. शनिवार सकाळपर्यंत बावीस अंशांवर सरळ रेघ. अकरानंतर रेघ चढत अठ्ठावीसवर गेली आणि तिथे रविवार संध्याकाळपर्यंत नांगरून बसली. मग पुन्हा बावीस. तीस कुठेच नाही. एखाद्याला वाटलं असतं, छान, सगळं ठीक. वर्षाराणींच्या मात्र कपाळावर आठी आली.

मागच्या अंगणात जनरेटर उभा होता. त्याच्या जाळीत काहीतरी पिवळं अडकलेलं दिसलं म्हणून त्यांनी चष्मा वर करून नखाने काढलं. तांदळाचे दाणे होते, हळद लावलेले. अक्षता.

४

जनरेटर लग्नाला गेला होता. दोन दिवस औशाच्या मांडवात दिवे आणि पंखे चालवून आला होता. शेषेराव खोटं बोलत होते.

पण एवढ्याने कोडं सुटत नव्हतं, उलट जास्त गुंतत होतं. भर दुपारी, पत्र्याखाली, वर्षाराणी बोटं मोजत उभ्या राहिल्या. एसी चालू असता तर रेघ बावीसवर राहिली असती. काहीच चालू नसतं तर बाहेरच्या बेचाळीस अंशांत खोली चाळिशीला टेकली असती. अठ्ठावीस यापैकी कशाचंच नव्हतं. खोलीत दोन दिवस कोणीतरी होतं, आणि त्याने तापमान धरून ठेवलं होतं.

धरलं कशाने? आणि धरणारा गप्प का?

दीड वाजला होता. डोकं गरगरायला लागलं तशा त्या गेटजवळच्या पहारेकऱ्याच्या खोलीत सावलीला शिरल्या. किशनराव सूर्यवंशी लगबगीने उठले. साठीचे, टोपीवाले, कारखाना डाळमिलची यंत्रं बनवायचा तेव्हापासूनचे. दुर्बीण बांधायला घेतल्यापासून ते खोलीच्या दाराला रोज सकाळी लांबूनच नमस्कार करत. आत आग लागलीच तर म्हणून दुसरी किल्ली त्यांच्याकडे खिळ्याला टांगलेली असायची.

"बसा मॅडम. लई उनाचा कहर हाय. पाणी घ्या." त्यांनी तांब्या दिला आणि पत्र्याचा गच्च झाकणाचा डबा पुढे केला. "मुरमुरे हायेत, दाणे घालून. पोटाला आधार."

खोली भट्टीसारखी तापली होती. खिडकीच्या चौकोनात पुठ्ठा कोंबलेला, टेबलावरचा पंखा गरम वारा फेकत होता. वर्षाराणींनी न बघताच मूठभर मुरमुरे तोंडात टाकले. दाताखाली आवाज झाला नाही.

"वातड झालेत वाटतं जरा," किशनराव ओशाळून म्हणाले. "शुक्रवारीच ताजे आणले होते गंजगोलाईच्या बाजारातून."

वर्षाराणी चावायच्या थांबल्या.

मे महिना. लातूर. दोरीवर टाकलेलं लुगडं पंधरा मिनिटांत खडखडीत वाळतं. अंगणात ठेवलेला पापड आठवडाभर कडक राहतो. तिथे शुक्रवारचे मुरमुरे मंगळवारी वातड?

त्यांनी खिडकीतल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. चौकटीला गंजाचा चौकोनी ठसा होता, आणि खालच्या कडेला वाळ्याच्या दोनचार काड्या अडकलेल्या होत्या.

"किशनराव," त्या हळूच म्हणाल्या, "इथला कूलर कुठे गेला?"

किशनरावांनी तांब्या खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

५

अडीच वाजता वर्षाराणींनी सगळ्यांना बांधणीच्या खोलीबाहेर बोलावलं. शेषेराव घड्याळ बघत होते. हरिओम भिंतीला टेकला होता. लुंबिनी एकटी लांब उभी होती आणि किशनराव टोपी हातात घेऊन पायाकडे बघत होते.

"फरशीवर बघा," वर्षाराणी म्हणाल्या.

कपडे बदलायच्या खोलीच्या फरशीवर, आतल्या दारालगत, पांढरी पुसट चौकट उमटली होती. लातूरचं पाणी जड. वाळलं की क्षार मागे ठेवतं.

"इथे किशनरावांच्या खोलीतला कूलर होता. कारखान्याच्या दिव्यांसाठीच्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, कूलर दीड दिवस चालतो. शनिवारी दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत किशनरावांनी तो इथे चालवला, आतलं दार उघडं ठेवून. ड्रमभर पाणी बादलीने घालत राहिले. स्वतः शेजारी बसले, जेवले तेही इथेच. मुरमुऱ्यांचा डबा उघडा पडला तोही इथेच."

"म्या आत पाय ठेवला न्हाई," किशनराव घाईने म्हणाले. "दुर्बिणीवर कापड होतं, आरशांना टोप्या होत्या. म्या निस्ता गार वारा दिला."

"गार, आणि ओला," वर्षाराणी म्हणाल्या. "कार्बनचे धागे उष्णतेने वाढत नाहीत. पण ते ज्या डिंकासारख्या रसायनात बसवलेले असतात, ते रसायन हवेतलं पाणी पितं. म्हणून तर नळी तीन आठवडे भट्टीत वाळवली. वाळलेल्या नळीला दीड दिवस ओली हवा मिळाली. मुरमुऱ्यांचं झालं तेच तिचं झालं. फुगली."

"बारा मायक्रॉन?" शेषेरावांचा विश्वास बसेना. "हे नुसतं बोलणं झालं, मॅडम. ट्रकवाला दीड तासात येतोय."

"लुंबिनी, नळी कापली तेव्हा उरलेलं कडं कुठे आहे?"

लुंबिनीचा चेहरा एकदम उजळला. ती आत धावली. नळीचं ते उरलेलं कडं दुर्बिणीसोबतच वाळवलं होतं आणि तिच्याच शेजारच्या फळीवर ठेवलेलं होतं. वहीत वाळवल्यानंतरचं वजन होतं: चौऱ्याऐंशी ग्रॅम तीनशे दहा मिलिग्रॅम. लुंबिनीने कडं तराजूवर ठेवलं, काचेची दारं लावली आणि सगळे आकडा थांबायची वाट बघत राहिले.

चौऱ्याऐंशी ग्रॅम चारशे दोन.

लुंबिनीने ते उचलून पुन्हा ठेवलं. मग तिसऱ्यांदा. चारशे दोन.

"ब्याण्णव मिलिग्रॅम पाणी," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंही नाही.

वर्षाराणी शेषेरावांकडे वळल्या. "शेषेराव, मी तुमच्या फॉर्मवर सही केली असती, तर हरिओमने चकती घासली असती. आज, इथे, दुर्बीण अगदी छान दिसली असती. मग ती वर गेली असती. तिथे हवा नाही. महिन्याभरात नळीतलं सगळं पाणी उडून गेलं असतं, नळी बारा मायक्रॉन आखडली असती, आणि चकती तर आपण आधीच घासलेली. दुर्बीण कायमची आंधळी झाली असती, आणि ती कशाने झाली ते आपल्याला कधीच कळलं नसतं."

हरिओमने घासायला घेतलेली चकती खिशातून काढली आणि फार जपून टेबलावर ठेवली.

६

"जनरेटर मीच पाठवला होता," शेषेराव शेवटी म्हणाले. "भावानं मांडवासाठी मागितला, न्हाई म्हणवलं न्हाई. काल दुर्बीण बिघडलेली बघितली आन् धाबं दणाणलं. कोणी जनरेटरचं विचारायच्या आत दुसऱ्या कोणाचं नाव लागावं, असं वाटलं. पोरी, चुकलो."

लुंबिनीने मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि वर्षाराणींना ते आवडलं.

"म्हंजी दोष माझाच," किशनराव म्हणाले. टोपीचा पार चोळामोळा झाला होता. "सायेब, म्या सांगणार होतो. पण काल पोलिसांचं नाव निघालं, मग जीभच उचलंना. कामावरून काढा, पर जेलात..."

"मामा, तुम्ही मला का विचारलं नाही? एक फोन करायचा ना," लुंबिनी म्हणाली.

"विचारायचं काय त्यात?" किशनरावांनी भिंतीकडे बोट केलं, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा थोडी धार आली. "मॅडमनी सोता लिवलंय. तीसच्या वर जाऊ द्यायचं न्हाई. काहीही करा. खाली दोन रेघा बी हायेत. म्या दोन दिवस डोळ्याला डोळा लावला न्हाई. अठ्ठावीसच्या वर म्या काटा जाऊ दिला न्हाई, मॅडम."

वर्षाराणी पाटीकडे बघत राहिल्या. जानेवारीतली ती दुपार त्यांना आठवली. ब्रश हातात होता आणि दमट हवेची ओळ लिहायचं मनातही आलं होतं. त्यांना हसू आलं होतं तेव्हा. लातुरात कसली आलीय दमट हवा. इथे प्यायला पाणी मिळेना. ती ओळ तेवढी त्यांनी सोडली होती. जगातल्या सगळ्या गोष्टींची काळजी करणाऱ्या बाईने नेमकी एका गोष्टीची काळजी केली नव्हती. आणि ज्या माणसाने त्यांचा शब्द देवासारखा पाळला, तो त्यांच्यासमोर जेलची भीती घेऊन उभा होता. त्यांना लाज वाटली.

मग त्यांनी फॉर्म ओढला. 'दोष कोणाचा' या रकान्यातलं लुंबिनीचं नाव दोन रेघांनी खोडलं आणि वर लिहिलं: वर्षाराणी बाभळसुरे. हवेतल्या ओलाव्याबद्दल लेखी सूचना दिली नाही. खाली सही केली. आठ वर्षांत पहिल्यांदाच, कागद तीनदा न वाचता.

"मॅडम, हे वर गेलं तर तुम्हाला प्रकल्पातून काढतील," लुंबिनी म्हणाली.

"काढतील कदाचित. पण पुढची दुर्बीण बांधणाऱ्याला हे वाचायला मिळेल."

शेषेरावांनी पेन मागून घेतला आणि न सांगता खाली एक ओळ वाढवली, जनरेटरची. पोलिसांचा अर्ज त्यांनी स्वतःच फाडला.

चारला ट्रक आला तो रिकामाच परत गेला. नळी पुन्हा वाळायला दहा दिवस लागणार होते आणि पुढच्या चाचण्या सुरू व्हायला बाराच उरले होते. हरिओम तेवढ्यात खोलीत कोरड्या नायट्रोजनचं सिलिंडर जोडायला लागला होता. जुळेल की नाही याची काळजी वर्षाराणींनी लगेच सुरू केली.

निघण्याआधी त्यांनी निळा रंग आणि ब्रश मागवला. पाटीखाली नवी ओळ लिहायला घेतली तेव्हा किशनराव मागे येऊन उभे राहिले.

"दमट हवा म्हंजी किती दमट, मॅडम? मला ते ओलाव्याचं मीटर वाचता यायचं न्हाई."

बाई थांबल्या. विचार केला. मग गंजगोलाईतून ताजे मुरमुरे आणवले, एक वाटी भरून बाहेरच्या खोलीच्या फळीवर ठेवली आणि पाटीवर लिहिलं: 'वाटीतले मुरमुरे वातड लागले तर काहीही करू नका. मला फोन करा.' खाली आपला नंबर टाकला.

परतीच्या बसमध्ये, लोह्याच्या अलीकडे, त्यांचा फोन वाजला. लातूरचा नंबर बघून त्यांनी पहिल्याच रिंगला तो उचलला.

"मॅडम, किशनराव बोलून राहिलो. आत्ताच खाऊन बघितले."

"काय झालं?"

"काही न्हाई. कुरकुरीत हायेत."